मेंढराच्या चालीची गाडी

चकलांब्यात मोटारींचा कारखाना नाही आणि पुढच्या शंभर वर्षांत होईल असं काही लक्षणही नाही. तरीही गेल्या सहा वर्षांत या गावात सात नव्या मोटारी आखल्या गेल्या, आणि त्या सातही एकाच माणसाने आखल्या. या माणसाला मोटार चालवता येत नाही. सायकलही येत नाही. लहानपणी एकदा बसला होता, तर ती त्याला घेऊन थेट बाभळीत शिरली. तेव्हापासून सटवा जिथे जायचं तिथे पायी जातो, आणि त्याच्या मागे तीनशे मेंढरं जातात.

साठीच्या घरातला, उन्हात वाळलेला, डोक्याला लाल मुंडासं आणि खांद्याला घोंगडी, असा हा धनगर. बोलणं कमी. त्याने आयुष्यात काही शोध लावावा असं त्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्याही आलं नव्हतं. ते सगळं त्याच्या बायकोच्या गुडघ्यांमुळे झालं.

कडूबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून कळपाबरोबर चालत होती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गंगथडीला जायचं, गोदावरीच्या कडेने या रानातून त्या रानात खतासाठी मेंढरं बसवत फिरायचं, आणि मृगाच्या आधी घरी यायचं. अशी तिने चाळीस वर्षं काढली. मग गुडघे सुजायला लागले. बीडच्या डॉक्टरने फोटो उजेडाला धरून पाहिला आणि वाट्या झिजल्यात, आता चालणं बंद, घोडीवर चढणं तर नावच नको, असं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. चाळीस वर्षांचा हिशोब त्याने पाव मिनिटात मिटवला.

मुलगा रामेश्वर व्यवहारी. तो म्हणाला, "टेंपोत बस की. सामान जातंय, तू बी जाशील."

"टेंपो म्होरं जातोय, मेंढरं मागं ऱ्हातेत," कडूबाई म्हणाली. "म्या म्होरं जाऊन दिसभर काय दगडं मोजू? ज्यातून मेंढरं दिसत न्हाईत ती गाडी मला नको."

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने यावर मान हलवली असती आणि म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणून तंबाखू मळायला घेतली असती. सटवाने तंबाखू मळली खरी, पण मळता मळता त्याला वाटलं की बाई बरोबर बोलते आहे. माणसांनी आजवर काढलेल्या सगळ्या गाड्या पुढे पळणाऱ्या आहेत. मेंढराच्या चालीने चालेल अशी गाडी कुणी काढलेलीच नाही. आता ती आपल्यालाच काढावी लागणार.

तोवर कडूबाई घरी आणि सटवा रानात, असे आठ-आठ महिने जाऊ लागले. ती सुनेच्या फोनवरून रोज त्याला व्हिडिओ लावायची आणि म्हणायची, मेंढरं दाखवा. सटवा फोन मेंढरांपुढे धरायचा. मेंढरं फोनला पाठ करायची. "समदे ढुंगणच दाखवतेत की ओ," कडूबाई म्हणायची, आणि त्या ढुंगणांवरूनही कोण आहे ते ओळखायची. फोन बंद झाला की सटवाला रान मोठं वाटायचं. चाळीस वर्षं जिच्या खाकरण्यावरून त्याला पहाट झालेली कळत होती, ती बाई घरी भिंतीला पाठ लावून बसली आहे, हे त्याला सोसत नव्हतं.

फाट्यावर नाथाचं वेल्डिंगचं दुकान आहे. नाथा ट्रॉल्या दुरुस्त करतो, गेट बनवतो आणि गिऱ्हाईक नसलं की राजकारणावर बोलतो. सटवा त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "नाथा, एक गाडी करायची हाय."

"ताशी किती किलोमीटर जाणारी पायजे, मामा?" नाथाने गमतीने विचारलं.

सटवाने त्यालाच विचारलं, "चरत का हाकत?"

नाथाने हातातला पाना खाली ठेवला. त्याच्या पंधरा वर्षांच्या धंद्यात असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. सटवाने समजावून सांगितलं. मेंढरू चरत चालतं ती एक चाल. रस्ता ओलांडायचा, गावातून जायचं, तेव्हा हाकत नेतो ती दुसरी चाल. गाडीला या दोनच चाली पाहिजेत. तिसरी लागत नाही. नाथाने मोटारसायकलवर बसून मेंढरांच्या बाजूने जाऊन काटा पाहिला. चरत दोन, हाकत चार. दोनला मोटारसायकल पडत होती, म्हणून तो उतरून ढकलत चालला.

आखणी नाथाच्या शटरवर झाली, पांढऱ्या खडूने. तेवढी मोठी सपाट जागा गावात दुसरी नव्हती. यात एकच अडचण होती आणि ती सहा वर्षांत दोघांपैकी एकालाही सुटली नाही. दुकान उघडलं की शटर वर गुंडाळलं जायचं आणि त्याबरोबर गाडीही. म्हणजे आखणी पाहायची तर दुकान बंद करायचं, आणि काम करायचं तर आखणी दिसायची नाही. नाथा एक दांडी जोडायचा, मग बाहेर येऊन शटर ओढायचा, बघायचा, परत वर करायचा. गिऱ्हाइकांना वाटे, याच्या घरी काही बरंवाईट झालंय.

पहिली गाडी जुन्या रिक्षाची होती. ती पहिल्याच गिअरला मेंढरांच्या तिप्पट पळते असं निघालं, म्हणून शटरवरच पुसली. दुसरी सहा एडक्यांनी ओढायची होती. एडके ताकदीचे होते यात वाद नाही. त्यांना जुंपलं, तर ओढायचं सोडून ते समोरासमोर उभे राहिले आणि टकरा खेळू लागले. गावातल्या लोकांनी गोल करून पैजा लावल्या, पण गाडी तसूभर हलली नाही. तिसरीला पायंडल होतं आणि ते सटवाने मारायचं होतं. कडूबाईने चित्र बघून एवढंच विचारलं की मग मेंढरं कोण हाकील. चौथी भारी होती. तिच्यात खाली कोकरांचा पिंजरा, वर कडूबाईची बैठक, मागे चूल आणि पाण्याची टाकी. नाथाने टेप लावून रुंदी मोजली आणि म्हणाला, "मामा, हिला रस्ता पुरत न्हाई, थेट रानातूनच न्यावं लागतंय." पाचवीत सटवाने चौथीचीच चूल काढून टाकली आणि बाकी तसंच ठेवलं. सहावीचं नाव काढलं की सटवा विषय बदलतो. नाथाच्या दुकानाच्या पत्र्याला आतून जो पोचा आहे तो सहावीचा, एवढंच गावाला ठाऊक आहे.

गाव हसायचं. पारावर कुणी म्हणायचं, सटवा, यंदा कोणतं मॉडेल? सटवा हसणाऱ्यांवर कधी चिडला नाही. त्याचं म्हणणं, हसणाऱ्यांच्या बायका चालतात, त्यांना काय कळणार.

सातवी मात्र वेगळी होती. तिची खरी कल्पना सटवाला गेवराईच्या रसवंतीत सुचली. चरकाचं मोठं चाक गरागरा फिरत होतं आणि ऊस पिळणाऱ्या लाट्या मात्र सावकाश, अगदी चरत असल्यासारख्या फिरत होत्या. सटवा उसाचा रस तसाच ठेवून चरकाच्या बाजूला अर्धा तास उकिडवा बसून राहिला. नाथाने भंगारातून जुन्या चरकाचे दाते मिळवले. आता लागत होती बॅटरी आणि मोटार, आणि ती दोन्ही सुंदररावांच्या गोठ्यात धूळ खात पडली होती.

सुंदरराव गावचे मोठे बागाईतदार. त्यांनी दुधाचे कॅन न्यायला बॅटरीवरची रिक्षा घेतली होती. ती एका वळणावर दुधासकट उलटली, तेव्हापासून त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. यंदा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव निघाला, म्हणून त्यांच्या पत्नी वच्छलाबाई उभ्या होत्या. उभ्या म्हणजे कागदावर. पोस्टरवर वच्छलाबाईंचा फोटो बोटभर आणि सुंदररावांचा हातभर होता. सटवा बॅटरी मागायला गेला आणि त्याने गाडीची चाल सांगितली, तेव्हा सुंदरराव खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे माणूस वर हुभा राहून हात जोडत जाईल, आणि समद्यांना नीट दिसंल?"

"दिसंल की, अण्णा. पण ती कडूबाईसाठी हाय."

"घेऊन जा बॅटरी. तूच ठिव. एकच कर, प्रचाराच्या शुभारंभाच्या दिवशी गावातून मला एक फेरी मारू दे."

सटवाला यात वाकडं काही दिसलं नाही. एका फेरीने गाडी झिजत नाही. महिनाभरात ती तयार झाली. चार चाकं, वर सावलीला पत्रा, मधोमध एकच बैठक, आणि बैठकीत बसून चौफेर मेंढरं दिसतील अशी चारी बाजूंनी उघडी. बॉनेट म्हणावं तिथे एक आडवी दांडी. उजव्या हाताला एक दांडा, त्याच्या एका टोकाला नाथाने लिहिलं 'चरती', दुसऱ्याला 'हाकती'. बटण सोडलं की गाडी उभी. चढायला तीन पायऱ्या होत्या, एकेक चार बोटं उंच. त्या पायऱ्यांसाठी सटवाने कडूबाईला सात वेळा विटांवर चढायला लावलं होतं आणि कुठल्या विटेला ती ओठ चावते ते बघून माप धरलं होतं.

आणखी एक गोष्ट सटवाने केली, ती त्याच्या दृष्टीने अगदी सरळ होती. मोरी नावाची त्याची शेळी नऊ वर्षं कळपाच्या पुढे चालायची. गेल्या साली ती गेली. तिच्या गळ्यातली पितळी घंटा त्याने जपून ठेवली होती. आता पुढे गाडी चालणार, तर घंटा गाडीला पाहिजे. त्याने ती पुढच्या दांडीला बांधली, गाडीवर भंडारा उधळला आणि हात जोडले.

शुभारंभाच्या सकाळी सुंदररावांनी गाडीला चारी बाजूंनी पाहिलं. झेंडूच्या माळा घातल्या, कर्णा बांधला. मग सटवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सटवा, मतदान होईस्तोवर गाडी माझ्याकडंच राहू दे. झकास झालीय."

"अण्णा, उद्या मेंढरं निघणार हायती. चारा संपलाय. कडूबाईनं बोचकं बांधलंय."

"मंग पुढल्या साली जाईल ती. बॅटरी कुणाची हाय?"

भांडण सटवाला येत नव्हतं. कडूबाई कालच सुनेकडून केस विंचरून घेऊन, घोंगडीची घडी घालून, सहा वर्षांत पहिल्यांदा वेळेआधी तयार झाली होती. तिला आता काय सांगायचं? तो गाडीच्या बाजूने नुसता चालायला लागला.

मिरवणूक निघाली. पुढे हलगी. मागे गाडी, तिच्यात बैठकीवर पाय रोवून सुंदरराव उभे, पत्र्याला डोकं लागू नये म्हणून पत्रा काढलेला. गाडीची चाल अशी की नाथा खाली उतरून, बाजूने चालत, एका हाताने हॅंडल धरून ती चालवत होता. आणि सगळ्यात मागे, नवी पैठणी नेसून, एक हात गुडघ्यावर ठेवत खुद्द उमेदवार वच्छलाबाई पायी येत होत्या, कारण बैठक एकच होती.

गाडी चरतीत होती. दर हिसक्याला मोरीची घंटा वाजत होती. हलगीवाला श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात ती घंटा गावाबाहेर पोचली. तिथे वाघराच्या जाळीत सटवाची तीनशे मेंढरं, अंगावर गेरूचे पट्टे ओढलेली, उद्याच्या प्रवासाला सज्ज उभी होती. ही घंटा त्यांनी वर्षभर ऐकली नव्हती. मोरीच्या जागी नेमलेली नवी शेळी त्यांना अजून पसंत पडली नव्हती. त्यांनी कान टवकारले, जाळी आडवी केली आणि सगळी मेंढरं निघाली.

सटवाला धूळ दिसली आणि काय झालं ते कळलं. घंटा काढायला हवी होती. पण गाडी पुढे आणि घंटा नाही, हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

मेंढरं गल्लीतून आली, कार्यकर्त्यांच्या पायांतून आली, हलगीवाल्याला भिंतीला चिकटवून, गाडीला वळसा घालून तिच्या मागे शिस्तीत चालू लागली. कार्यकर्ते धोतरं आणि विजारी सावरत ओट्यांवर चढले. सुंदररावांनी मागे वळून पाहिलं, तर जिथे जनता असायला पाहिजे तिथे मेंढरं होती. ते हात जोडलेलेच ठेवून दाताखाली म्हणाले, "नाथा, जोरात घे बे."

नाथाने दांडा हाकतीत टाकला. घंटा जोरात वाजू लागली, आणि मेंढरं पळत सुटली.

"अण्णा, मतदार लई आलेत की," माडीवरून कुणीतरी म्हणालं. सगळी गल्ली हसली. पाच-सात फोन वर झाले. सुंदररावांनी चालत्या गाडीतून उडी मारली, जी कुणीही मारू शकलं असतं, आणि फेटा सावरत म्हणाले, "गाडी थांबवा. बॅटरी काढा. आत्ताच्या आत्ता."

नाथाने बटण सोडलं. गाडी थांबली. मेंढरंही थांबली, आणि पुढच्यांनी झेंडूच्या माळा खायला घेतल्या. नाथाने सटवाकडे पाहिलं. सटवाने खिशातून पाना काढून त्याला दिला.

तोवर वच्छलाबाई धापा टाकत पोचल्या. त्यांना कुणी बसायलाही सांगितलं नाही, म्हणून त्या गाडीच्या पायरीवर बसायला गेल्या, आणि पायरी इतकी खाली होती की पाय आपसूक पुढच्या पायरीवर गेला, मग तिसऱ्या. त्या बैठकीत जाऊन बसल्या. त्यांच्या तोंडावर जे आश्चर्य होतं ते सटवाने पाहिलं. कडूबाई पहिल्यांदा चढली तेव्हा तिच्या तोंडावरही तेच आलं होतं.

"ह्या पायऱ्या कुणाच्या मापाच्या हायती?" त्यांनी विचारलं.

"कडूबाईच्या, आक्का," सटवा म्हणाला. "तिचे गुडघे गेलेत. मेंढरासंगं चालता येत न्हाई तिला."

"किती दिस लागले करायला?"

"सहा वर्सं. ही सातवी हाय."

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. "मपले गुडघे आठ वर्सं झाले दुखतेत. तुमी एक मलमाची डबी तरी आणली का?"

"घरी बोलू," सुंदरराव म्हणाले. "नाथा, काढ बॅटरी."

"बॅटरी ऱ्हाऊ द्या, नाथा."

"तू मधी पडू नको."

"मधी कोण पडलंय?" वच्छलाबाई बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाल्या. "फारमावर सही मपली हाय. उमेदवार मी हाय. पयलं आश्वासन म्या आत्ता देते, ही गाडी कडूबाईची."

ओट्यांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. इतका वेळ टाळ्या कुणाच्याच सभेत वाजल्या नव्हत्या. सुंदररावांनी आजूबाजूला वर आलेले फोन पाहिले, हात पुन्हा जोडले आणि हसण्याचा प्रयत्न केला. सटवाने वच्छलाबाईंना उतरायला हात दिला आणि पाना नाथाकडून परत घेऊन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप निघाला. नाथाने निघताना शेवटचं सांगून टाकलं, ते सांगायला त्याला लाज वाटत होती. "मामा, एका चार्जिंगवर आठच किलोमीटर जाती बरं का."

"मंग?" कडूबाई वरून म्हणाली. "मेंढरं तरी दिसाला कुठं जास्ती जातेत."

पहिल्या मुक्कामाला शेतमालकाने रिवाजाप्रमाणे विचारलं, मेंढरं बसवायचे किती पायली ज्वारी घेणार. सटवा म्हणाला, ज्वारी नको, विहिरीवरच्या मोटरीच्या डब्यातून एक वायर द्या. मालकाने आधी गाडीकडे आणि मग तिच्यात मांडीवर कोकरू घेऊन बसलेल्या कडूबाईकडे पाहिलं. त्याने वायर दिली, आणि ज्वारीही दिली.

महिनाभराने गंगथडीच्या एका रानात सटवाला नाथाचा फोन आला. कळपाचा व्हिडिओ पार जिल्हाभर फिरला होता. पालीचा एक मेंढपाळ दोन गाड्या मागत होता, आणखी तिघं-चौघं विचारून गेले होते. नाथाला कारखाना दिसू लागला होता. पण आखणी राहिली नव्हती. प्रचारवाल्यांनी त्याच्या शटरवर वच्छलाबाईंचं चिन्ह रंगवून टाकलं होतं, आणि या वेळी फोटो हातभर त्यांचाच होता. मापं नाथाच्या ध्यानात नव्हती. "मामा, एकदा येऊन परत आखून द्या," तो म्हणत होता. "लोकं लई मागं लागलेत."

सटवा गाडीच्या बाजूने चालत होता. त्याने थोडा विचार केला. मापं म्हणजे काय, कुणाची तरी बायको कुठल्या विटेला ओठ चावते तेवढंच. ते पालीच्या माणसाला त्याच्या घरीच बघावं लागणार.

"नाथा," तो म्हणाला, "मला बायको एकच हाय." आणि त्याने फोन खिशात ठेवला.

"काय म्हणतोय नाथा?" कडूबाईने विचारलं.

"काय न्हाई. चरतीत घाल, कोकरं मागं ऱ्हायलीत."

तिने वळून पाहिलं, मागे राहिलेली कोकरं मोजली आणि दांडा मागे ओढला.